समुद्राकाठी एकच खाट

परवा दुपारी तुमचा फोन वाजला. तुम्ही गेल्यावर मी तो बंद केला नाही. चार्जिंगले लावते, खिडकीत ठेवते, कोणाचा आलाच तं उचलून तेच ते सांगते. आता बहुतेकांले माहीत झालं आहे, म्हणून वाजला की मीच दचकते. पोळ्या लाटत होती, तशाच पिठाच्या हातानं उचलला. पलीकडून माउसी. पुरीच्या पुढल्या त्या कोळ्यांच्या गावातली, जिच्याकडे आपण दरवर्षी उतरायचो ती. "बाबू, कमरा साफ हो गया. कब आता है?"

मी सांगितलं. ती उडियात काहीतरी बोलली. मागून नुसता समुद्र ऐकू येत होता. मग रडली बिचारी. पण बाई व्यवहाराची आहे, तुम्हाले माहीत आहे. नाक पुसून म्हणाली, झींगा कंपनीचा एक माणूस ती खोली मागून राहिला आहे, बाबूच्या शब्दावर मी थांबली, आता रविवारपर्यंत हो की नाही ते सांगा. अन् फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एक खटिया हम निकाल दिया, दीदी. बाबू बोला था, एक ही रखो."

एकच. पोळी तव्यावर जळाली ते मले वासानं समजलं.

म्हणून आज मी तुमच्याशी भांडायले बसली आहे. लोकं काय म्हणतील ते म्हणोत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. मिलमधले झाडून सारे आले होते. भंतेजींनी वंदना घेतली. तुमच्या पाळीतले साहूजी बोलायले उभे राहिले अन् दोन वाक्यं बोलून खाली बसले. मी एकटीच काही बोलली नाही. मले जे बोलायचं होतं ते चारचौघात बोलण्यासारखं नव्हतं. मले विचारायचं होतं, का जी, ती खोली तुम्ही कोणासाठी घेत होते? आपल्या दोघांसाठी, का एकट्यासाठी?

दिवाळीच्या सुमाराले तुम्ही रिटायर झाले. सारी जिंदगी उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये गेली, अन् तीही रात्रीची. बाकीचे पाळी बदलून मागायचे, तुम्ही नाईटच मागून घ्यायचे. रायपूरच्या उन्हाळ्यात दिवसा रस्त्यावर उभं राहवत नाही, तं भट्टीपुढे कोण मरायले उभं राहील, असं म्हणायचे. खरंच होतं ते. पण मग तुमच्या अंगालेच रात्र लागून गेली. सुटीच्या दिवशीही सूर्य वर आला की डोळे मिटायचे अन् दिवे लागले की तरतरी यायची. लग्नात जायचं तं तुम्ही दुपारच्या पंगतीत पेंगत असायचे. माझी आई म्हणायची, जावई चांगला आहे, पण झोपाळू आहे. तिले मी कधी पटवू शकली नाही.

अन् झोपायले तुम्हाले आवाज लागायचा. मिलमध्ये रात्रभर ती घरघर ऐकायची सवय, घरात सामसूम असली की तुम्ही कूस बदलत राहायचे. म्हणून आपल्याकडे बारा महिने कूलर चालायचा. थंडीत पाणी न टाकता, तोंड भिंतीकडे करून, फक्त आवाजासाठी. शेजारी हसायचे. मीही हसायची, पण सुरू मीच करायची.

मिल भट्टीच्या दुरुस्तीले बंद राहायची, तेव्हा आपण समुद्रावर जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हाचं आठवते? आपल्याले काय माहीत समुद्र. मी गोंदियाकडली, तुम्ही भंडाऱ्याचे, पाणी म्हटलं की गावची बोडी नाही तं तलाव. पाणी दिसलं की धुणं काढायचं, एवढंच मले कळे. तुमचे शर्ट, आपल्या प्रज्ञाचे फ्रॉक, माझी साडी, सगळं घेऊन मी लाटांच्या काठावर बसली अन् साबण घासत राहिली. फेस काही येईना. मले वाटलं, साबण नकली दिला दुकानदारानं. वाळल्यावर सारे कपडे पापडासारखे कडक अन् वर पांढरं मीठ. माउसी पोट धरून हसली. तुम्ही मात्र तो शर्ट उलटापालटा करून पाहिला अन् म्हणाले, "यात काय नवीन आहे. मिलमधून आणतो तो बी असाच तं राहते." अन् तोच शर्ट अंगात घालून गाडीत बसले. रायपूर येईपर्यंत मान खाजवत होते, पण कबूल केलं नाही.

दिवसाचा समुद्र माझा होता. तुम्ही खोलीत डोळ्यावर टॉवेल टाकून पडायचे, खिडकी उघडी ठेवून, कारण तिथे कूलर लागत नव्हता. मी बाहेर. सकाळी कोळी लोक जाळं ओढायचे, त्यांच्या बायकांच्या रांगेत मीही दोर धरायची. कोणी काही विचारत नव्हतं. जाळं वर आलं की माझ्याही पदरात मूठभर मासे. मग रेतीवर हिंडायचं. ते लाल खेकडे सारे बाहेर बसलेले राहायचे, पाऊल वाजलं की एकदम गायब. उभं राहिलं की लाट परत जाताना टाचेखालची रेती ओढून न्यायची, अन् मी उगाच मोठ्यानं हसायची, कोणी पाहत नाही म्हणून. दुपारी माउसीकडली पखाल, म्हणजे आपल्या इकडली बासीच, पाण्यात भिजवलेला शिळा भात, अन् मग सुरूच्या झाडाखाली बसणं. रिकामं बसणं मले जमत नाही. एका वर्षी मी घरून लसूण नेला होता सोलायले. तुम्ही किती दिवस चिडवलं मले त्यावरून. माणसं समुद्रावर जाऊन शिंपल्या आणतात, आमची बाई सोललेला लसूण आणते, असं साऱ्या मिलमध्ये सांगितलं.

संध्याकाळी तुम्ही उठायचे. मी चहा द्यायची अन् दिवसभराचं सगळं सांगायची. जेवण झालं की तुम्ही बनियनवर टॉवेल टाकून बाहेर पडायचे ते उजाडता उजाडता यायचे. दारातच आपली गाठ पडायची, तुम्ही आत येऊन राहिले अन् मी बाहेर निघून राहिली. पाळी बदलल्यासारखं. तुम्ही म्हणायचे, "चार्ज घ्या मॅडम, समुद्र चालू आहे." अन् पाय न धुता खाटेवर पडायचे. चादरीत रेतीच रेती.

रात्री तुम्ही तिथे काय करायचे ते मले धड माहीत नाही. तुम्ही सांगायचे, पण तुमचं सांगणं असं की खरं कोणतं अन् चिडवणं कोणतं ते कळायचं नाही. दिवसभर तापलेली रेती वरून गार होते, पण हात खुपसला तं आत कोमट राहते, असं म्हणायचे. कोळ्यांच्या नावा दूर जातात अन् त्यांचे दिवे दिसत राहतात, मोजायचे अन् सकाळी परत आले का ते पाहायचं. अन् एक सांगायचे की काही रात्री लाट फुटली की पाण्यातून ठिणग्या उडतात, निळ्या. पाय आपटला तं पायाजवळही उडतात. "गार ठिणग्या," तुम्ही म्हणाले. "जिंदगीभर ठिणग्यांपासून अंग वाचवलं, अन् या ओंजळीत घेता येतात." मी म्हटलं, "भट्टी पाहून पाहून डोळे गेले तुमचे, डॉक्टरले दाखवा." तुम्ही दरवर्षी म्हणायचे, "चल ना आज." अन् मी दरवर्षी म्हणायची, "उद्या." दिवसभर पाण्यात अन् उन्हात राहिलेल्या बाईले जेवल्यावर कोण उठवणार. मले वाटायचं, समुद्र काय कुठे जातो, अन् तुम्ही तरी कुठे जाता.

रिटायर झाल्यावर तुम्ही खोलीचं काढलं. माउसीची मागची खोली बारा महिन्यांसाठी घेऊ, थंडी ओसरली की जाऊ, रायपूरचं घर राहू दे, उन्हाळा तिकडेच काढू. मले वाटलं मजाक आहे. मग एका संध्याकाळी बूढापारा मोहल्ल्यात नात्यातल्या लग्नाचं आवतण द्यायले गेलो होतो, परतताना तुम्ही बूढा तालाबाच्या काठी स्कूटर लावली अन् परत तेच. मी म्हटलं, "चार दिवस ठीक आहे. बारा महिने काय करता तिथे?"

"दिवसाचं मले काय विचारतं? तूच तं सांगतं रोज."

"अन् रात्री?"

"रात्रीचं सांगून नाही समजत. चालून पाह."

मी तलावाकडे हात केला. "पाणीच पाहायचं तं हे काय वाईट आहे? घराजवळ आहे."

"याचा तिकडला काठ दिसते."

"दिसू द्या ना. काठ दिसला तं काय बिघडलं? माणसाले बरं वाटते."

तुम्ही तलावाकडे पाठ फिरवली. मग स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "तुले नसन यायचं तं नको येऊ. मी जातो."

बस, एवढंच. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. घरी आलो, तुम्ही खिचडी खाल्ली, लोणचं मागितलं. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. मी मनात म्हटलं, जा. जाऊन तं पाहा. पहिल्याच आठवड्यात चहाची भुकटी कुठे ठेवली म्हणून फोन कराल. त्यानंतर मी खोलीचा विषय काढला नाही, तुम्हीही नाही. तुम्ही अंगणात जाऊन माउसीशी फोनवर बोलायचे अन् मी आतून भांडी जोरात ठेवायची.

अन् मग तो दिवस. तो मी कोणालेच पूर्ण सांगितला नाही जी, प्रज्ञालेही नाही. रात्रभर तुम्ही टीव्ही लावून बसले होते. सकाळी मी उठली, तुम्ही आडवे झाले, मी कूलर सुरू केला. रोजच्यासारखं. दुपारी कांदेवाला गल्लीत भोंगा लावून ओरडून राहिला होता, मी धावत बाहेर गेली अन् त्याले रागावली, "हळू बोल ना भैया, घर में आदमी सोया है." शेजारची मुलं दारासमोर खेळून राहिली होती, त्यांलेही हाकललं. वरण फोडणीले टाकताना कढई आपटली नाही. साऱ्या जिंदगीत मी एकच काम नेमानं केलं, तुम्हाले दिवसा कोणी उठवू नये. त्या दिवशीही केलं. संध्याकाळी चहा घेऊन आली, हात लावला, तं हात गार. डॉक्टर म्हणाले, सकाळीच झालं असावं, झोपेतच. म्हणजे मी दिवसभर कोणाची झोप राखून राहिली होती? लोकं म्हणतात, पुण्यवान माणूस, झोपेत गेला. मी मान हलवते. मले त्या कांदेवाल्याचा चेहरा दिसते, तो खरंच भोंगा बंद करून गेला होता.

घर भरलं तेव्हा कोणीतरी कूलर बंद केला. थंडी होती, बरोबरच आहे. पाहुणे गेले अन् मले झोप येईना. मले वाटलं दुःखानं येत नाही. मग एका रात्री उठून मी बटण दाबलं, तोंड भिंतीकडे आहेच, अन् गुमान झोपली. सकाळी प्रज्ञाचा भिलाईहून फोन, "मम्मी, ये आवाज़ कैसी? ठंड में कूलर?" मी म्हटलं, मिक्सर आहे.

आता खाटेचं. माउसीनं सांगितल्यापासून मी तेच घोकून राहिली आहे. तिच्या खोलीत नेहमी दोन खाटा असायच्या. तुम्ही एक काढायले लावली. याचा सरळ अर्थ एकच होतो. तुम्ही ठरवून टाकलं होतं की ही बाई काही येत नाही. परवा रात्री मी तुमच्यावर इतकी चिडली की तुमच्या फोटोपुढची मेणबत्तीही लावली नाही. म्हटलं, बसा अंधारात, तुम्हाले आवडते ना.

अन् मग काल आंघोळ करता करता मले उरल्याची ती पहिली खोली आठवली. पत्र्याची, मिलच्या भिंतीले लागून. त्यात एकच खाट मावायची अन् आपल्याकडे होती बी एकच. तुम्ही सकाळी यायचे, मी उठलेली राहायची, माझ्या जागेवर तुम्ही. संध्याकाळी तुम्ही डब्बा घेऊन निघाले की तुमच्या जागेवर मी. ती खाट कधी थंड पडली नाही. तुमच्या घामाचा वास उशीले राहायचा, तिलेच तोंड लावून मी झोपायची, नवी नवरी होती, एकटी रात्र काढायची. तुम्ही एकदा म्हणाले होते, "दोन माणसाले एक खाट पुरते आपल्याले, एवढी बचत कोणाच्या घरी आहे?" प्रज्ञा झाली तेव्हा दुसरी घेतली.

म्हणजे माउसीले एक खाट सांगताना तुमच्या मनात एकटा माणूस होता, का आपली ती जुनी रीत? तिथेही तुम्ही दिवसा झोपणार अन् मी रात्री, मग दुसरी कशाले, जागा अडते, असं? दोन्ही तुम्हाले शोभते. रागावून एकटे जाणारे तुम्हीच, अन् न विचारता दोघांचं ठरवून टाकणारेही तुम्हीच. इतकी वर्षं संसार केला अन् मले सांगता येत नाही यातलं कोणतं. हेच मले खाऊन राहिलं आहे, जी. तुम्ही गेले त्याहूनही हे. एक वाक्य बोलले असते. का मीच एकदा विचारलं असतं, का जी, दोघांचं म्हणता का. ते भांडी आपटण्यापेक्षा सोपं होतं.

काल संध्याकाळी प्रज्ञा आली. तिले मी खोलीचं सांगितलं. पोट्टी हादरली. मराठी तिले सगळी समजते, पण रागावली की बापासारखी आधी गप्प होते अन् मग हिंदीत सुटते. "मम्मी, मना कर दो माउसी को. वहाँ अकेली क्या करोगी दिन भर?"

अन् पाहा, माझ्या तोंडून काय निघालं. मी म्हटलं, "काहून? सकाळी जाळं ओढायले जाईन. बायका ओळखतात मले. शिंपल्या वेचीन, मासे साफ करीन. दुपारी माउसीसोबत जेवीन. झाडाखाली बसून लसूण सोलीन. लाटेत पाय सोडून उभी राहीन. दिवस कुठे जाते ते समजत नाही तिथे, तुले काय माहीत." बोलता बोलता मले समजलं की हे मी तिच्याशी नाही, तलावाच्या काठावर तुमच्याशी बोलून राहिली आहे. फक्त तुमच्या बाजूनं.

 प्रज्ञा हळूच म्हणाली, "और रात को?"

 गार रेती, आत कोमट. दिवे मोजायचे. ठिणग्या. हे सारं तुमचं सांगितलेलं होतं, माझं काहीच नव्हतं. "पापा क्या करते थे वहाँ रात भर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मले माहीत नाही, बेटा. मी कधी गेलीच नाही." मग आम्ही दोघी रडलो. तुम्ही गेल्यापासून अशी रडली नव्हती मी. नंतर तिनंच उठून कूलर सुरू केला.

आज रविवार आहे. हे लिहिता लिहिता मध्येच उठून मी माउसीले फोन लावला. लावला म्हणजे मी मोठी धीराची झाली असं समजू नका. मले भीती वाटून राहिली आहे. गुडघे दुखतात, उडिया येत नाही, अन् तिथे दारात चार्ज द्यायले कोणी राहणार नाही. खोली तुम्ही एकट्यासाठी घेतली असन, तरी मी येऊन राहिली आहे. राग आला तं येऊ द्या.

माउसीले मी सांगितलं की खोली ठेवा. ती खूश झाली. म्हणाली, बेटी येईल, पाहुणे येतील, ती दुसरी खाट परत आत टाकू का?

मी म्हटलं, नको माउसी, एकच राहू द्या. मी दिवसा झोपत जाईन.